पहिले हात धुवा

"पहिले हात धुवा!"

दारात आडवी उभी. एका हातात पाण्याचा लोटा, दुसऱ्या हातात नारळाची नरोटी आणि नरोटीत लाल साबणाची वडी. तुम्ही कोण, कुठले, कशाला आलात, ते सगळं मागाहून. पत्रिका द्यायला आलेला असो की आजाऱ्याला बघायला आलेला असो, आधी लोट्याखाली हात. आणि नुसते ओले करून भागायचं नाही. बोटांच्या बेचक्यात साबण गेला की नाही, हे ती वाकून बघायची. "हे काय धुनं झालं काय गा? मांजर बी याच्याहून बरी धुते."

आमच्या आंधळगावानं तिचं नाव ठेवलं साबणवाली. नावं ठेवण्यात आमचं गाव मोठं हुशार. तिचं खरं नाव मी इथं लिहिणार नाही. जिवंतपणी कोणी तिला त्या नावानं हाक मारली नाही, मग आता कागदावर मारून काय उपयोग?

बाजार ओळीत माझं औषधांचं दुकान होतं. दुकानाच्या मागच्या खिडकीतून ढिवर मोहल्ला, म्हणजे मासे धरणाऱ्यांची वस्ती, दिसायची, आणि मोहल्ल्यातलं पहिलंच घर तिचं. त्यामुळं पुढं काय काय झालं ते मी पाहिलेलं आहे, ऐकीव काही सांगत नाही. मला लोक तापट म्हणतात. म्हणोत बापडे. तुम्हीही त्या खिडकीशी बसला असता, तर शांत राहिला असता का ते सांगा.

तिचा पाठचा भाऊ तलावात जाळं फेकण्यात पहिल्या नंबरचा. अंगानं दणकट, स्वभावानं मात्र गरीब, कोणी काही म्हटलं की हसणार. एका वर्षी त्याचे पाय सुजायला लागले, मग तोंड. वैदू झाला, अंगारा झाला, कोणी मुतखडा म्हटलं, कोणी करणी म्हटलं. नागपूरला नेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्या कामातून गेल्या. घरातलं कोणी एक किडनी देत असेल तर मुंबईला न्या, नाहीतर घरी न्या. आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील तेव्हा. आमच्या भागात असलं काही कोणी ऐकलंही नव्हतं.

आईबाप आधीच गेलेले. थोरला भाऊ रक्त तपासायला निघाला, तर नेमकी त्याच सकाळी त्याच्या बायकोच्या अंगात देवी आली आणि देवीनं सांगितलं, याला पाठवू नका. देवीलाही वेळ बरोब्बर कळते. मग अड्याळहून ही आली. तिचं लग्न तिकडं झालं होतं. नवरा म्हणाला, "आमाले न इचारता तू कशी देतेस?" ती म्हणाली, "गुर्दा माह्या पोटातला हाये. तुमच्या कोठीतला धानाचा पोता नाही." नवरा म्हणाला, गेलीस तर परत येऊ नको. ती गेली आणि खरंच परत गेली नाही. ऑपरेशन होऊन दोघं बहीणभाऊ मुंबईहून आली ती थेट बापाच्या पडक्या घरात राहायला. अड्याळचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

आता आमच्याकडची रीत तुम्हाला सांगतो. दवाखान्यातून माणूस परतला की सारं गाव भेटायला येतं. नुसतं येत नाही. त्याच्या बिछान्यावर टेकतं, त्याच्या तोंडावरून हात फिरवतं, आणि घरून काहीतरी करून आणलेलं असतं त्याचा घास आपल्या हातानं त्याच्या तोंडात घालतं. घास घेतला नाही तर माणूस परका झाला, असं समजतात. रीत मायेची आहे, मी नाही म्हणत नाही. पण मुंबईच्या डॉक्टरांनी तिला बजावून सांगितलं होतं की दुसऱ्याचा अवयव शरीर आपला मानत नाही, त्याच्याशी भांडतं. ते भांडू नये म्हणून जन्मभर गोळ्या देऊन शरीराची ताकदच दाबून ठेवावी लागते. मग बाहेरची साधी सर्दीही त्याला भारी पडते.

हे तिनं गावाला कसं सांगितलं ते ऐका. "डाक्तरनं याच्या आंगातला पोलीस झोपवून ठेवला हाये. आता चोर आला तं कोन पाह्यन? मीच पाह्यन." आणि लोटा घेऊन दारात उभी राहिली.

पहिल्याच आठवड्यात पाटील आले. पाटलांची गोष्ट सांगायलाच हवी. हा माणूस तिच्या बापाकडून मासोळी घ्यायचा ती अंगणात सूप ठेवून. हाताला हात लागू नये म्हणून बाप वरून सुपात टाकायचा, आणि मग पाटलीणबाई त्या मासोळीवर पाणी शिंपून ती घरात न्यायची. तेच पाटील मोठ्या मनानं ढिवराच्या घरी भेटायला आले, मागं चार माणसं, एकाच्या हातात शिऱ्याचा डबा. ही दारात.

"पहिले हात धुवा, पाटील."

पाटलांना वाटलं, थट्टा आहे. हसले. ही हसली नाही.

"मी कोन हाओ, मालूम हाये ना तुले?"

"मालूम हाये. तुमी पाटील हाओ. पन जंतूले मालूम नाही ना."

मी खिडकीत बसून एवढ्या मोठ्यानं हसलो की दुकानातलं गिऱ्हाईक दचकलं. पाटील मात्र लालबुंद झाले. "तुह्या बापानं कधी आमच्या उंबऱ्याले हात लावला नाही, अन तू मले हात धुवाले लावतेस?" असं म्हणून शिऱ्याचा डबा तिथंच मातीत उलथा करून निघून गेले. तिनं झाडू घेतला, शिरा गोळा केला, कोंबड्यांना घातला. "कोंबड्यायले चालते," एवढंच बोलली.

तेव्हापासून गावानं तिच्यावर दात धरला. बरं, ती मागत काय होती? जमीन नाही, मान नाही. लोटाभर पाणी हातावर घ्या म्हणत होती! पण जन्मभर ज्यांनी दुसऱ्याच्या हाताचा विटाळ मानला, त्यांना स्वतःचे हात मळके आहेत हे ऐकून घेणं जड गेलं. वरच्या आळीचं सोडा, मोहल्ल्यातल्या बायासुद्धा म्हणायला लागल्या, "मुंबई पाहून आली तं आमी घान झालो काय?" त्यांनी येणं सोडलं. हिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. "नाही आले तं बरं झालं. साबन वाचला."

भावाला मात्र लाज वाटायची. आतून दबक्या आवाजात म्हणायचा, "बाई, येऊ दे ना व एखाद्याले." ती न वळता म्हणायची, "तू चूप बस. माहा गुर्दा आतमधी बसला हाये. त्याले मी इचारते, तुले नाही."

सकाळची भंडारा गाडी, म्हणजे भंडाऱ्याची एसटी, वळणावर भोंगा वाजवायची. भोंगा वाजला की तिची हाक: "गोऽऽळी!" ती कुठंही असो, विहिरीवर, तलावाच्या पाळीवर म्हणजे बांधावर, माझ्या दुकानात. अख्ख्या मोहल्ल्याला ऐकू जायची. भाऊ आतून "घेतली व बाई" म्हणेपर्यंत ती पुढचं काम करायची नाही. पोरं तिची नक्कल करायची. गाडी दिसली की सारी टोळी कोरसमध्ये ओरडायची, गोऽऽळी. ती पोरांना म्हणायची, "वरडा रे, वरडा. मी इसरली तं तुमी आठवन द्यान."

त्या गोळ्या मी नागपूरहून आणायचो. तिथला ठोकवाला पहिल्यांदा मला म्हणाला, "अरे भाई, ये गोली देहात में कौन खाता है?" मी म्हटलं, आमच्याकडची माणसंही हाडामांसाचीच आहेत. एका पावसाळ्यात नदीनं रस्ता अडवला आणि माल आला नाही. ती दुकानात आली, कपाटं बघत राहिली आणि म्हणाली, "तोंड गोरं कराची किरीम हाये. केस काळे कराचं तेल हाये. मान्साले जिवंत ठेवाची गोळी तेवढी नाही काय तुमच्याकडं, भाऊ?" घरी तिनं थोड्या गोळ्या जास्तीच्या राखून ठेवल्या होत्या म्हणून तेवढे दिवस निभावले. पण तिचं बोलणं खरं होतं. आजही कपाटांकडं बघितलं की ते मला आठवतं.

त्या गोळ्यांनी भावाचं तोंड फुगलं. गाल वर आले, गोल गरगरीत, लालसर. ज्यांना या औषधाची माहिती आहे ते ओळखतात. आमच्या गावाला वाटलं, गडी खाऊन पिऊन सुधारला! रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण म्हणायचा, "काय शेठ, मजा हाये तुमची!" ती ओरडायची, "थे गोळीचं तोंड हाये, त्याचं नाही!" पण कोण ऐकतो? मोहल्ल्यातले गडी म्हणायला लागले, एवढा टमाटरसारखा लाल झाला, मग पाण्यात का उतरत नाही? बहिणीच्या पदरामागं बसून खातो.

आणि इथं तलावाची गोष्ट येते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मोहल्ला मिळून मोठं जाळं ओढतो. प्रत्येक घरचा एक गडी पाण्यात. जो पाण्यात उतरला त्याच्या घरचाच वाटा पडतो, म्हातारा असो की नवरदेव. हा कायदा कोणाच्या बापाच्यानं मोडत नाही. पहिली दोन वर्षं त्यांच्या घरचा वाटा पडला नाही. तिसऱ्या वर्षी भाऊ हट्टाला पेटला. लोकांचं ऐकून ऐकून त्यानं डोक्यात राख घालून घेतली होती. बहीण विहिरीवर गेलेली बघून तो पाळीवर गेला, सदरा काढला. पोटावरचा तो लांबलचक व्रण सगळ्यांनी पाहिला आणि तरी कोणी त्याला थांब म्हटलं नाही! एकानं तर टाळी वाजवली. त्या पाण्यात म्हशी बसतात, सारं गाव तिथं कपडे धुतं, आणखी काय काय करतं ते सांगत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घाण पाणी म्हणजे विष समजा.

कोणीतरी पोरानं तिला सांगितलं असावं. ती धावत आली, भरला हंडा रस्त्यात टाकून. भावाचा पाय पाण्याला लागायच्या आत तिनं त्याचा दंड धरून त्याला मागं ओढला आणि त्याच्या थोबाडीत एक ठेवून दिली. सगळ्यांसमोर. मग लुगड्याचा काष्टा मारला आणि स्वतः पाण्यात उतरली. जाळ्याच्या दोन गड्यांच्या मध्ये, छातीइतक्या गाळाच्या पाण्यात. बाई माणूस जाळ्याला हात लावत नाही आमच्याकडं. गडी हात सोडून उभे राहिले.

मोहल्ल्याचा पंच काठावरून ओरडला, "बाईमान्साचा वाटा नाही पडत. बाहेर निघ!"

तिनं जाळ्याची दोरी सोडली नाही. "माहा गुर्दा त्याच्या पोटात चालते, मंग त्याच्या जाग्यावर माहे पाय काहून नाही चालत?"

मी तेव्हा पाळीवर होतो. गोंगाट ऐकून दुकान तसंच उघडं टाकून गेलो होतो. पंच थुंकला, त्यानं बिडी पेटवली आणि जाळं ओढलं गेलं. संध्याकाळी वाटे पडले तेव्हा तिला अर्धा वाटा मिळाला. तिनं टोपली हलवून बघितली. "अर्धाच काहून? एकच गुर्दा उरला म्हनून काय?" त्यावर सारे हसले, तीही हसली. पण टोपली घेऊन माझ्या दुकानासमोरून गेली तेव्हा मी तिचं तोंड बघितलं. ती हसत नव्हती. त्यानंतर दर उन्हाळ्यात ती उतरत राहिली, आणि दर उन्हाळ्यात अर्धाच वाटा घेत राहिली.

घाण पाणी भावाला विष, हे तिला पाठ होतं. तिला स्वतःलाही एकच किडनी आहे, हे मात्र कोणाच्या ध्यानात नव्हतं. तिच्याही नाही. नागपूरला तपासणीला दोघं जायची. त्याचं रक्त, त्याची लघवी, त्याचं वजन. ती व्हरांड्यात पिशवी घेऊन बसायची. एवढ्या वर्षांत एका तरी शहाण्यानं तिला आत बोलावून विचारावं, बाई तुझं कसं आहे? कोणी नाही. शेवटी एक नवी डॉक्टरीण आली. तिनं भावाला विचारलं, "किडनी कोणी दिली? कुठं आहे ती?" व्हरांड्यातून तिला आत घेतलं, दंडाला पट्टा बांधला. ब्लडप्रेशर चांगलंच वाढलेलं होतं. डॉक्टरीण तिच्यावर रागावली. मीठ कमी, पाणी भरपूर, गोळी रोज, आणि हगवण-ओकारी लागली तर एक दिवसही घरी थांबायचं नाही, सरळ दवाखाना. मी सोबत होतो, हे सगळं मी ऐकलेलं आहे.

गाडीत मी तिला म्हटलं, आता स्वतःकडं बघा. तर म्हणते, "मले काय धाड भरली? घोड्यासारखी तं हाओ." ब्लडप्रेशरची गोळी मी तिच्या पिशवीत टाकायचो. एक-दोनदा ती माझ्याच फळीवर परत ठेवलेली सापडली. मी ओरडलो तेव्हा कुठं घ्यायला लागली, तीही दुकानात माझ्यासमोर, तोंड वाकडं करून.

त्याच डॉक्टरणीनं एकदा सांगितलं की विलायतेहून नवं औषध निघालंय. तेलासारखं असतं, दुधात घालून घेतात. त्यानं परक्या माणसाची, मेलेल्या माणसाचीसुद्धा किडनी चांगली टिकते म्हणे. ही भावाला म्हणाली, "पाह्य रे, थोडा दम धरला अस्ता तं माहा वाचला अस्ता." भाऊ रडायच्या बेताला आला. तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "अबे, मजाक करून राहिली मी. दुसऱ्याचा तुले कायले पायजे?" एवढं लाडाचं बोलणं मी तिच्या तोंडून एकदाच ऐकलं.

मग तो उन्हाळा आला. मोहल्ल्याच्या विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि घरोघर हगवण लागली. मी नेमका नागपूरला, भावाच्याच गोळ्या आणायला गेलेलो. घरात लहान पोर नव्हतं, म्हातारं नव्हतं, ही दोघंच. तिला पहिला जुलाब झाला तशी ती उठली आणि घरामागच्या जाळी ठेवायच्या खोपटात जाऊन बसली. आतून कडी. आपल्यामुळं त्याला लागू नये म्हणून!

भाऊ बाहेरून म्हणाला, "बाई, दार उघड." ती आतून म्हणाली, "आत येशीन तं टांग तोडीन. पानी तेथच ठेव अन दूर हो. हात धुतले काय?"

दवाखान्यात एक दिवसही उशीर नको म्हणून डॉक्टरीण सांगून गेली होती, आणि ही खोपटाला कडी लावून बसली. भावानं दाराशी ठेवलेलं पाणी संपत नव्हतं, पेज तशीच होती. तो मोहल्ल्यात गेला, बायांच्या हातापाया पडला, कोणीतरी आत जा, तिला उठवा, मला ती येऊ देत नाही. बाया काय म्हणाल्या माहीत आहे? "तिच्याकडं साबनानं हात धुऊन जा लागते म्हनते. आमच्या घानेऱ्या हाताचं काय काम?" मेल्यांनो! शेजारीण मरायला टेकली आणि तुम्हाला जुना हिशेब आठवला! आणि माझ्या दुकानात, कुलुपाआड, मीठ-साखरेच्या पुड्यांचा गठ्ठा पडलेला.

शेवटी भावानं दार मोडलं, तिला उचललं आणि मिळाली त्या जीपनं भंडाऱ्याला नेली. सलाईन लावलं. पण लघवी उतरलीच नाही. उरलेली ती एक किडनी बंद पडली होती. मी नागपूरहून परस्पर दवाखान्यात पोचलो तेव्हा तिला थोडी शुद्ध होती. माझ्या हातातल्या पिशवीकडं बघून तिनं विचारलं, "भेटली काय गोळी?" मी म्हटलं, भेटली. एवढंच आमचं शेवटचं बोलणं.

ती गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी गाव भेटायला आलं. सारं गाव. ज्यांनी वर्षानुवर्षं त्या घराकडं तोंड फिरवलं होतं ते सगळे. अड्याळचा नवरासुद्धा आला, पांढरं धोतर नेसून. वरच्या आळीतून पाटील आले. म्हातारे झाले होते, काठी टेकत होते.

दारात भाऊ उभा होता. एका हातात लोटा, दुसऱ्या हातात नरोटी. तो नुसता लोटा पुढं करत होता. आणि माणसं धूत होती. गुपचूप, एकामागं एक, कोपरापर्यंत. पाटलांनी काठी बगलेत धरली आणि हात पुढं केले. भावानं पाणी घातलं. पाटलांनी बोटांच्या बेचक्यात साबण लावला, अगदी तिला हवा तसा. मी बघत होतो आणि माझं डोकं फिरत होतं. आज धुता? ती असताना मनगटं झिजली असती काय तुमची? तिच्या मरणाची वाट बघत होता काय? मला ओरडायचं होतं, पण मरणघरी ओरडू नये म्हणून दात आवळून उभा राहिलो.

ती गेली होती आणि तिची किडनी दारात उभी राहून गावाच्या हातावर पाणी घालत होती. पुढंही पुष्कळ वर्षं ती चालली.

तेवढ्यात वळणावर भंडारा गाडीचा भोंगा वाजला. भावाचा हात लोट्यासकट थांबला. अंगणातले सगळे गप्प झाले. बाया, पंच, पाटील, अंगणाच्या कडेला बसलेली पोरं, सगळ्यांचे कान एकाच हाकेकडं लागले होते आणि ती हाक येत नव्हती. नक्कल करणाऱ्या पोरांनीही तोंड उघडलं नाही.

मग मीच ओरडलो. इतका वेळ आत दाबलेली प्रत्येक शिवी त्या एका शब्दात घालून, घसा फाटेपर्यंत ओरडलो.

"गोऽऽळी!"

भावानं माझ्याकडं बघितलं. लोटा खाली ठेवला, आधी स्वतःचे हात धुतले आणि आत गेला. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "घेतली व बाई."